ढेकरांची शाळा

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं "इस्पितळात असते" एवढंच सांगून विषय बदलत असे. खरं उत्तर दिलं तर पुढचा अर्धा तास त्यातच जायचा. खरं उत्तर असं, की मी मोठ्या माणसांना ढेकर द्यायला शिकवत असे. आणि त्याचा मला पगार मिळत असे.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता सांगायला हरकत नाही.

आपल्या गळ्यात पुढे श्वासनळी असते आणि तिच्यामागे अन्ननळी. श्वासनळीच्या वरच्या टोकाला स्वरयंत्र. मुलगे वयात आले की गळ्यावर उंचवटा दिसतो ना, तेच. तिथे कॅन्सर झाला आणि तो फार पुढे गेला, तर सर्जनला ते अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं. मग श्वासनळीचं तोंड गळ्यावर, दोन हाडांच्या मधल्या खळगीत, बाहेर उघडून देतात. माणूस तिथून श्वास घेतो. नाक आणि तोंड यांचा श्वासाशी संबंध कायमचा तुटतो. जेवण नेहमीसारखं होतं, चालणं-फिरणं होतं, भात लावता येतो, आंबे उतरवता येतात. आवाज तेवढा राहत नाही.

पण बोलता येतं. एक यंत्र गळ्याला लावून बोलता येतं, त्याचा आवाज भुंग्यासारखा येतो. गळ्यात आत छोटी झडप बसवूनही बोलता येतं, पण ती अधूनमधून बदलायला मोठ्या इस्पितळात जावं लागतं. तिसरा मार्ग माझा. तोंडाने हवा अन्ननळीच्या वरच्या भागात घ्यायची, पोटापर्यंत जाऊ द्यायची नाही, लगेच वर आणायची आणि येता येता तिचे शब्द करायचे. थोडक्यात ढेकर द्यायचा आणि त्याला जीभ-ओठांनी आकार द्यायचा. आवाज जाडसर येतो, थोडा खरखरीत, एका दमात दोन-तीन शब्द. पण तो स्वतःचा असतो. त्याला चार्जिंग लागत नाही.

रत्नागिरीत आमची खोली निघाली ती एका संशोधनासाठी. आमच्या प्रमुख डॉक्टर सुमेधा मुंबईला कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करायच्या. त्यांच्या लक्षात आलं होतं, की कोकणातले पेशंट मुंबईत ऑपरेशन करून घेतात, कॅन्सर जातो, माणूस घरी परततो आणि मग गप्पच होतो. बोलायला शिकायचं तर पुन्हा पुन्हा मुंबई. कोण जाणार? तेव्हा प्रश्न असा होता, की शिकवणारं माणूस जिल्ह्यातच ठेवलं आणि आधी शिकलेला एखादा पेशंट नव्या पेशंटच्या सोबतीला दिला, तर माणसं बोलती होतात का, आणि बोलती राहतात का? शिवाय प्रत्येकाला विचारायचं होतं, की या आजारात तुमचं नेमकं काय गेलं?

डॉक्टरांना वाटलं होतं, सगळे सांगतील आवाज गेला. मलाही तसंच वाटलं होतं. पण एकाने सांगितलं, चहा फुंकून पिता येत नाही. फुंकर कुठून मारणार? हवा तोंडातून येतच नाही. दुसऱ्याने सांगितलं, वास गेला. माशाची कढी समोर असते पण नाकाला पत्ताच नसतो. एक खलाशी म्हणाला, पाण्यात उडी मारता येत नाही. गळ्याच्या भोकातून पाणी थेट छातीत जाणार. आणि एक बाई म्हणाल्या, मला आवाज काढून रडता येत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळतच नाही मी रडतेय ते. डॉक्टर सुमेधा त्या दिवशी मुंबईहून आल्या होत्या. त्या उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेरचं आवार बघत राहिल्या.

तर अशी आमची शाळा. फळ्यावर मी लिहायची: पाट, टोप, काका, कपाट. प, ट, क ही अक्षरं नव्या विद्यार्थ्याला सोपी, कारण ती उच्चारताना तोंड बंद होऊन उघडतं आणि हवा आपोआप आत ढकलली जाते. शेजारी रक्त तपासणीची खोली होती. तिथे रांगेत बसलेल्या लोकांना भिंतीपलीकडून आधी ढेकर, मग "काका", मग पुन्हा ढेकर असं ऐकू यायचं. आत काय चाललंय हे विचारायला बरेच जण दार ढकलून डोकावत. एकदा एक गृहस्थ डोकावले आणि अपचनावर ओवा घ्या असं सांगून गेले.

माझ्या मदतीला इब्राहीमचाचा होते. जयगडचे. सारं आयुष्य मालवाहू जहाजावर सारंग म्हणून काढलेलं, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. वाऱ्यात ओरडून ओरडून हुकूम सोडणारा माणूस. त्यांचं ऑपरेशन आमची खोली निघायच्या आधीच झालं होतं. घरच्या बोकडाशी बोलून बोलून ते स्वतःच निम्मंअधिक शिकले होते. बोकड हसत नाही आणि "काय म्हणालात?" असंही विचारत नाही, म्हणून तो चांगला, असं त्यांचं म्हणणं. नव्या पेशंटला ते पहिलं वाक्य ठरलेलं बोलत. "पूर्वी... मी ओरडायचो... आणि लोक पळायचे. आता... मी हळू बोलतो... तर लोक जवळ येतात." मग गळ्यावरचा पांढरा जाळीचा रुमाल नीट करून हसायचे. आवाज न करता. हसू पण त्याच वाटेने गेलेलं असतं.

सगळेच शिकले असं नाही. लांज्याकडचे एक निवृत्त मास्तर होते. खोलीत, माझ्यासमोर, ते उत्तम बोलायचे. पण चारचौघांत ढेकर देणं त्यांच्या मनाला शेवटपर्यंत मानवलं नाही. बाहेर ते लिहूनच संवाद करत राहिले, फार सुंदर अक्षरात. त्यांची मला अजून रुखरुख लागते. घसा कसा वापरायचा ते मी शिकवू शकले. त्या घशाची लाज सोडवणं मला जमलं नाही.

शांतारामभाऊंच्या बाबतीत ती लाज अगदी वेगळ्या दारातून आली. त्यांचीच गोष्ट सांगायला मी खरं तर बसले आहे.

शांतारामभाऊ देवरूखच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले शेतकरी. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख होती ती 'मावशी' म्हणून. शिमग्यात त्यांच्या वाडीचं नमन असतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: मृदंग-टाळांवर गण होतो, मग गवळण. साड्या नेसलेले पुरुष गवळणी होतात, त्यांना अडवायला कृष्ण आणि त्याचा दोस्त पेंद्या येतात, आणि गवळणींची राखण करणारी एक ठसकेबाज मावशी असते. लोक येतात ते मावशीसाठी. शांतारामभाऊ विशीपासून मावशी करत होते. मावशीचा आवाज काढायचा म्हणून घसा ताणायचे, आणि घसा मोकळा करायचा म्हणून बिडी ओढायचे. मग एका शिमग्यानंतर आवाज बसला तो उठलाच नाही. सगळे म्हणाले, ओरडून बसलाय, येईल. त्यांनी हळद-दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळलं. पावसाळा गेला, भात कापून झालं, तरी आवाज बसलेलाच. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर घसा दाखवा, हे मी आता रस्त्यात भेटेल त्यालाही सांगते. तेव्हा त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. मुंबईला मुलाकडे गेले तेव्हा निदान झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते बायकोबरोबर. सुमनवहिनी. दोघांच्या वतीने त्याच बोलत, ते खाली बघत. ऑपरेशन झाल्यापासून भाऊ वाडीत बाहेर पडत नव्हते. घरी काही हवं असलं की पितळी पेल्यावर चमचा वाजवत.

"दिसभर टण टण, टण टण," वहिनी म्हणाल्या. "मना तर देवळात ऱ्हायला गेल्यासारखा वाटतंय."

भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला आतून बरं वाटलं. डोळ्यात मावशी शाबूत होती.

सुरुवातीच्या काही बैठकांत हवा आत जातच नव्हती. भाऊ मान ताणायचे, चेहरा लाल व्हायचा, गळ्याच्या छिद्रातून फुस्स आवाज यायचा आणि बाकी काही नाही. मी त्यांना सोडा प्यायला लावला. आमच्या या धंद्यात सोड्याला फार मान आहे. तो पिऊन झाला, मी म्हटलं, आता ओठ मिटा, जिभेने हवा मागे ढकला आणि सोडा. त्यांनी सोडली.

असा दणदणीत ढेकर निघाला की टेबलावरचे कागद हलले म्हटलं तरी चालेल. मी टाळी वाजवली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या सुमनवहिनी हसल्या. तोंडावर पदर घेतला, पण हसू थांबेना. खांदे हलायला लागले.

भाऊ उठले. चपला घातल्या आणि निघून गेले. वहिनी त्यांच्यामागे धावल्या.

पुढच्या बैठकीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, बाबा नाय म्हणतात. मी त्यांना मुंबईलाच आणतो इकडे. गावात राहून लोकांचे चेहरे बघण्यापेक्षा बरं." मला ते बरं वाटेना. मुंबईच्या खोलीत ते टीव्हीसमोर बसून राहणार, आणि तिथे तर त्यांना मावशी म्हणून ओळखणारंही कुणी नसणार. मी इब्राहीमचाचांना विचारलं, येता का? चाचा म्हणाले, "येतो. डोंगर... बघून पण... लई दिवस झाले."

आम्ही एसटीने देवरूखला गेलो आणि तिथून रिक्षाने वर. घर उतारावर होतं, पुढे सारवलेलं खळं, कडेला काजूची झाडं. वहिनी दारातच बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि बोलायलाच लागल्या.

"मी हसले वो ताई. माज्याच तोंडातून हसू निघालं. काय करू? तीस वर्सं ह्यांच्या मावशीला हसलेली बाय मी. ह्यांनी काय केलं की मना हसूच येतं. आता पण आलं. ह्यांना वाटलं, मी ह्यांच्या रोगाला हसले."

"असं सांगितलंत का त्यांना?"

"ऐकून घेतील तर! पेला वाजवायचं पण बंद केलंन."

शांतारामभाऊ आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी आत शिरून बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः खाटेच्या कडेला बसले. शांतपणे गळ्यावरचा रुमाल वर केला आणि आपलं छिद्र दाखवलं. भाऊंनी मान वळवली. मग चाचांनी हवा घेतली.

"बायको... हसली?"

भाऊंनी होकारार्थी मान हलवली.

"माझी... रडली. मी... पहिला शब्द... बोललो... तर ती... दोन दिवस... रडली. जेवण... नाय केलं. मला... डाळ-भात... करावा लागला." चाचांनी परत हवा घेतली. "तुला... बदलून... पाहिजे काय?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या सुमनवहिनींच्या तोंडून पुन्हा हसू फुटलं. त्या घाबरल्या, त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण उशीर झाला होता. मी भाऊंकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते. आवाज नव्हता, म्हणून कळायला वेळ लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग त्यांनी बायकोकडे बोट दाखवून चाचांना हाताने खूण केली, की ही अशीच आहे, हिला औषध नाही.

त्या दिवशी आम्ही जेवूनच निघालो. वहिनींनी सुकट भाजली होती. चाचांना वास परत मिळवायची युक्ती साधली होती, तीही त्यांनी भाऊंना तिथेच शिकवली: ओठ मिटून जांभई द्यायची. हनुवटी खाली गेली की नाकातून थोडी हवा आत ओढली जाते, आणि तिच्याबरोबर वास. दोन प्रौढ पुरुष चुलीपुढे उकिडवे बसून तोंड मिटून जांभया देतायत, हे दृश्य कुठल्याही शोधनिबंधात मावणारं नाही. बऱ्याच जांभया झाल्या. मग भाऊ एकदम थबकले. त्यांनी तव्याकडे बघितलं, पुन्हा जांभई दिली आणि बायकोचा हात धरला. तव्याकडे बोट, मग नाकाकडे बोट.

"आला वास?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी जोराने मान हलवली. वहिनी या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी तव्यावरची सगळी सुकट त्यांच्या ताटात ओतली.

त्यानंतर भाऊंनी बैठक चुकवली नाही. मी फळ्यावर पाट लिहिलं की ते नाक मुरडायचे. टोप, कपाट, काकडी, सगळ्याला नापसंती. एक दिवस फळा आपल्याकडे ओढून त्यांनी स्वतः एक शब्द लिहिला आणि तोच घोकायला लागले. हवा घेतली, ओठ मिटले, आणि: "पें... द्या." नमनातला पेंद्या! प-ने सुरू होणारा म्हणजे माझ्या नियमात बसणारा. मावशी आयुष्यभर ज्याला शिव्या देत आली तो. त्यांचा पहिला स्पष्ट शब्द तोच. दुसरा "मेल्या".

काही महिन्यांत ते वाक्यं बोलायला लागले. मग एका बैठकीला येताना बरोबर वाडीतल्या नमन मंडळाच्या नायकाला घेऊन आले. राजाराम नाव. मनाने चांगला माणूस, सगळ्यांची सोय बघणारा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, शिमगा येतोय. आम्ही इचार केलाय की भाऊला संकासुर देऊ. काळा झगा, उंच टोपी, नुसतं नाचायचं. आमच्याकडे संकासुर बोलतच नाय. म्हंजे कसं, भाऊ खेळ्यात पण ऱ्हायला आणि घसा पण नको ताणायला."

मला ती कल्पना खरोखर आवडली. आवडली म्हणण्यापेक्षा मला हायसं वाटलं. कारण एक गोष्ट मला माहीत होती. अन्ननळीचा आवाज मनावर चालतो. माणूस घाबरला, भरून आलं, राग आला, की तिथला स्नायू आवळतो आणि हवा जातच नाही. खोलीत सराईतपणे बोलणारी माणसं बँकेच्या खिडकीपुढे मुकी होतात. आणि इथे अख्ख्या वाडीपुढे!

भाऊंनी राजारामचं बोलणं ऐकलं होतं. ते म्हणाले, "संकासुर... तू कर. मी... मावशी."

"अरे पण भाऊ..."

"मावशी."

मग माझ्याकडे वळले. मी माझी कारणं सांगितली. गुलाल उडतो, तो छिद्रातून आत जाईल. गर्दी असते, आवाज पोचणार नाही. घाबरलात तर शब्द येणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमचं... काम काय? मना... काका-काकडी... बोलाय शिकवायचं?"

आमच्या संशोधनात एक प्रश्न असायचा, की उपचारानंतर तुम्ही तुमच्या पूर्वीच्या कामाला परत लागलात का? त्याचं उत्तर 'होय' यावं म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. मी तयारीला लागले. छिद्रावर दुहेरी जाळी हवी, ती ओली ठेवायची. सुमनवहिनींनी बंद गळ्याचं पोलकं शिवलं, गळ्यापाशी आतून जाळी लावून, आणि वरून मावशीच्या चार माळा. दिसायला अगदी झोकदार. राजारामने गालाला चिकटवायचा छोटा माईक आणला. डॉक्टर सुमेधांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "गुलाल त्यांच्या जवळ उडवायचा नाही, एवढं फक्त बघा. बाकी मला व्हिडिओ पाठवा."

वाडीचे खेळे, म्हणजे हेच नमन, दुपारी होते. सहाणेपुढे, म्हणजे पालखी टेकते त्या चौथऱ्यापुढे, झावळ्यांचा मांडव. मुंबईहून माणसं आलेली, त्यांत भाऊंचा मुलगाही. त्याला हे पसंत नव्हतं. माझ्याशी नमस्कारापुरतं बोलला. मी आणि चाचा पुढे बसलो. गण झाला, गवळणी आल्या, त्यांनी हाका मारल्या, "मावशी! ओ मावशी!"

भाऊ आले. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात झोळी. नेहमी मावशी आली की शिट्ट्या पडत. आज एकही पडली नाही. वाडीला सगळं माहीत होतं. पुढे बसलेल्या बायकांचे डोळे आधीच भरलेले. एकीने तर हात जोडले.

भाऊंनी तोंड उघडलं. काही आलं नाही.

पुन्हा हवा घ्यायचा प्रयत्न केला. मला त्यांचा गळा आवळलेला दिसत होता. मृदंगवाला उगाच थाप देत राहिला. मुलगा उठून उभा राहिला. चाचांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, जिभेने ढकला, जोर नको, जोर नको.

भाऊ थांबले. मग ते खाली बसले. मावशीसारखे, लुगडं सावरत, कंबर धरत, हाश-हुश केल्याचा आव आणत. झोळीतून पानाचा डबा काढला. पान लावलं, निवांत. तोंडात घातलं, चावलं, गिळलं. आणि मग माईकमधून, स्पीकरमधून, समोरच्या डोंगरापर्यंत गेला असेल असा एक ढेकर आला.

मृदंगाची थाप थांबली.

"माफ करा," मावशी म्हणाली. "जेवान... झालंय."

कुठूनतरी एक खुसखुस आली. मावशीने पुढच्या बायकांवरून सावकाश नजर फिरवली, त्या हात जोडलेल्या बाईवर थांबली.

"तोंडं... का पाडलीत गो?... कोन मेलं?"

मांडव फुटला. मी तेवढं हसू त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मृदंगवाल्याने मृदंग बाजूला ठेवला. भाऊंचा मुलगा उभ्याचा खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून हसत होता, की रडत होता, की दोन्ही. आणि सुमनवहिनी! त्यांनी पदर वगैरे काही घेतला नाही.

त्यानंतर गळा आवळला नाही. पेंद्याने विचारलं, "मावशी, तुझा आवाज गो कुठं गेला?" मावशी म्हणाली, "बिडीनं... खाल्लान. तुझ्याकडं... हाय काय बिडी? दाव... कंबरंला." पेंद्याची भूमिका करणारा खरोखरच बिडी ओढणारा होता. तो खरोखरच कमरेला हात लावून मागे सरला, आणि लोक पुन्हा कोसळले. तंबाखूविरोधी भित्तिपत्रकं मी तालुकाभर लावली आहेत. एवढा परिणाम मी त्यांचा कधी पाहिला नाही.

खेळ संपल्यावर माणसांनी भाऊंना घेरलं. मी गुलालवाल्यांना लांब हाकत होते, तेव्हा राजाराम जवळ आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, माजा पन आवाज... दिवाळीपासनं असाच हाय. मना वाटलं, नमनाच्या तालमीनं."

त्याचा घोगरा आवाज मी कितीदा ऐकला होता, पण नायकाचा आवाज असाच असतो असं समजत होते. त्याला शिमगा संपल्याबरोबर बोलावलं. गाठ निघाली, पण अगदी लहान, स्वरतंतूच्या कडेला. मुंबईला जाऊन त्याने रेडिएशनचे उपचार घेतले. ऑपरेशन नाही, काही काढावं लागलं नाही. आवाज राहिला. त्या हंगामात त्या पंचक्रोशीतून घसा दाखवायला इतके लोक आले, की डॉक्टर सुमेधांनी मला विचारलं, तिकडे नक्की काय केलंत? मी त्यांना व्हिडिओ पाठवला.

संशोधनाचं पुढे रीतसर लेखन झालं. जवळ शिकवणारं असेल आणि सोबतीला आपल्यातलाच माणूस असेल तर पेशंट बोलते राहतात, असा निष्कर्ष निघाला. मराठीत सांगायचं तर, मला आणि इब्राहीमचाचांना एसटीने फिरवलं ते वाया गेलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात राजाराम तपासणीला आला, तेव्हा शांतारामभाऊ त्याच्यासोबत आले. दोघे बाहेरच्या बाकावर बसले होते. येत्या शिमग्यात गवळणीत कोणती नवी बतावणी घ्यायची यावरून वाद लागला. राजारामला डॉक्टरांनी घसा जपायला सांगितलेलं, तो पुटपुटत होता. भाऊंना कसलंच पथ्य नव्हतं. तो लांब कॉरिडॉर आहे, आवाज घुमतो. मी आत कागद आवरत होते. एवढ्यात वॉर्डातली नवी सिस्टर तरातरा बाहेर आली. तिला यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं.

"अहो काका!" ती म्हणाली. "केवढ्याने बोलताय! इस्पितळ आहे हे. जरा गप्प बसा बघू!"

बाहेरचा वाद एकदम थांबला. मी घाईने दारात आले. भाऊ बाकावर ताठ बसले होते आणि त्या सिस्टरकडे टक लावून बघत होते. मग हळूहळू त्यांचा चेहरा असा फुलत गेला, की ती बिचारी गोंधळली. भाऊंनी उठून तिला दोन्ही हात जोडले. माझ्याकडे वळले, हवा घेतली आणि सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ताई... ऐकलंत?... मना गप बस... म्हनाली!"